शेपू इतक्या लवकर फुलावर का येतो?

कुंडीतल्या शेपूबद्दल सगळ्यांची तक्रार एकच असते: "दोन-तीनदा पानं खुडली, आणि मग लगेच फुलंच आली." माझी पहिली तीन वर्षं ह्याच तक्रारीत गेली. एकदा तर वीतभर उंचीची, धड दहा पानंही न धरलेली रोपं एकापाठोपाठ एक पिवळ्या छत्र्या उघडून उभी राहिली. खत कमी पडलं असेल म्हणून मी खत घातलं. ऊन जास्त होतंय असं वाटलं म्हणून कुंडी सरकवली. शेवटी वैतागून फुलांचे शेंडे खुडून टाकले. कशाचाच उपयोग झाला नाही. पुढे कळलं की रोपांचं काही बिघडलंच नव्हतं. मी त्यांच्याकडे जे मागत होते ते त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

शेपू एका हंगामात सगळं आयुष्य उरकतो. बी रुजल्यापासून नवं बी पिकेपर्यंत त्याला साधारण तीन ते साडेतीन महिने लागतात. एवढ्यात मूळ खोल न्यायचं, पानं काढायची, कमरेइतकं किंवा त्याहून उंच व्हायचं, फुलायचं आणि बी पिकवून वाळून जायचं. त्याच्या हिशेबात पानं म्हणजे वाटेतला एक थांबा. आपण नेमकं तिथेच उतरून घर बांधायला बघतो.

रात्र मोजणारं पान

फुलावर कधी जायचं हे शेपू मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून ठरवतो. दिवस मोठे होऊ लागले की फुलणाऱ्या वनस्पतींना 'दीर्घदिनी' म्हणतात, आणि शेपू त्यांतलाच. खरं तर मोजमाप होतं ते रात्रीचं. पानांमध्ये फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य असतं. उजेडात त्याचं एक रूप तयार होतं, अंधारात ते हळूहळू ओसरतं. रात्र लांब असेल तर ते बरंच ओसरतं, आखूड असेल तर सकाळ होईपर्यंत बऱ्यापैकी शिल्लक राहतं. पानातल्या घड्याळाशी ताडून रोप यावरून ओळखतं की रात्री आखूड झाल्या. मग पानात एक प्रथिन तयार होतं, ते रसाबरोबर शेंड्यापर्यंत पोचतं आणि शेंड्याला निरोप देतं: आता पानं पुरे, फुलं कर.

हे एकदा समजलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. शेंडा खुडल्याने काही दिवसांची सवलत मिळते, पण निरोप पानांतून येत असल्यामुळे बाजूच्या फांद्याही त्याच वाटेने जातात. रात्रभर जळणाऱ्या प्रखर दिव्याखाली ठेवलेली कुंडी लवकर फुलावर येऊ शकते, कारण त्या रोपाची रात्र आपणच कापलेली असते. आणि बियांच्या पाकिटावर छापलेला पेरणीचा महिना सगळीकडे सारखा लागू पडत नाही. विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर बारा तासांच्या आसपास असतो. ५० अंश अक्षांशावर तोच उन्हाळ्यात १६ तासांवर जातो आणि हिवाळ्यात ८ वर उतरतो. पाकीट कुठे छापलं आणि तुम्ही कुठे पेरताय, यांत फरक असेल तर पाकिटापेक्षा आपल्या आभाळाकडे बघावं.

दिवसाच्या लांबीच्या जोडीला उष्णता असली की घाई आणखी वाढते. पाणी तुटलं, मुळांना जागा कमी पडली, रोपं दाटीत वाढली, तरी तेच. संकट आलं की शेपू पानांवर खर्च करत बसत नाही. बी धरून मोकळा होतो. म्हणून पानं हवी असतील तर थंड हवामान आणि लहान होत जाणारे दिवस हा त्याचा उत्तम काळ.

जातीनेही थोडा फरक पडतो. 'फर्नलीफ' ही ठेंगणी, जेमतेम दीड फुटाची जात १९९२ साली ऑल-अमेरिका सिलेक्शन्स ह्या, नव्या जाती पारखणाऱ्या अमेरिकी संस्थेचा मान मिळवून गेली. तिचं कौतुक दोन गोष्टींसाठी झालं: कुंडीत मावते आणि फुलावर उशिरा येते. 'बुके' मात्र लवकर फुलते आणि दाणे भरपूर देते. 'मॅमथ' नावाप्रमाणेच उंच. पानांसाठी लावणार की दाण्यांसाठी, हे बी घेतानाच ठरवलेलं बरं.

बी, आणि ते वाकडं मूळ

शेपूचं बी तळहातावर घेऊन नीट बघा. एक बाजू सपाट, दुसरी किंचित फुगीर, कडेने पातळ फिकट पंखासारखी झालर, पाठीवर उभ्या रेघा. वनस्पतीशास्त्राच्या भाषेत हे बी नव्हेच, ते अर्धं फळ आहे. फुलाच्या जागी एक छोटं फळ धरतं आणि पिकल्यावर मधोमध दुभंगून त्याचे हे दोन दाणे होतात. दाण्याच्या भिंतीत तेलाच्या बारीक नळ्या असतात, पाठीकडे चार आणि सपाट बाजूला दोन. नखाने दाणा दाबला की येणारा वास ह्या नळ्या फुटल्याचा असतो.

पेरताना माती मोकळी करून दाणे वर विखरावेत आणि जेमतेम अर्धा सेंटिमीटर माती भुरभुरवावी. खोल गाडू नयेत. उजेड लागला तर दाणे चांगले रुजतात. माती १५ ते २० अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर एक ते दोन आठवड्यांत कोंब दिसतात. ह्या कुळातली पिकं, म्हणजे गाजर, कोथिंबीर, सेलरी, रुजायला जरा आळशीच असतात, तेव्हा आठव्या दिवशी माती उकरून बघण्याचा मोह आवरावा. मी आवरला नव्हता. ह्या दिवसांत वरचा थर वाळू द्यायचा नाही, पण झारीची धार जोरात सोडली तर सगळे दाणे कुंडीच्या एका कोपऱ्यात गोळा होतात. बारीक फवारा बरा.

आता माझी सगळ्यांत मोठी चूक. टोमॅटोची रोपं जशी ट्रेमध्ये करून मग हलवतात, तशी मी शेपूची केली. कोकोपीट भरलेल्या लहान कप्प्यांत एकेक रोप छान चार बोटं वाढलं. मोठ्या कुंडीत हलवल्यावर चार-पाच दिवस ते मान टाकून बसलं, मग सावरलं आणि दोन आठवड्यांत फुलावर आलं. एक रोप उपटून मूळ पाण्यात धुतलं तेव्हा कारण दिसलं. मुख्य मूळ सरळ खाली गेलंच नव्हतं. कप्प्याच्या तळाला टेकून ते आकड्यासारखं वळलं होतं, आणि हलवताना टोकाचा भाग तुटला होता. शेपूचं मूळ गाजराच्या चुलतभावाला शोभेल असं आहे: एक जाड सोट, बाजूचे तंतू कमी. सोटमुळाला इजा झाली की ते भरून काढायला हाताशी फार काही नसतं. म्हणून शेपू जिथे वाढवायचा तिथेच पेरायचा. आणि कुंडी रुंद असण्यापेक्षा खोल असावी, किमान २५ ते ३० सेंटिमीटर.

मातीबद्दल त्याचे फार नखरे नाहीत. पाणी साचता कामा नये, एवढं महत्त्वाचं. किंचित आम्ल ते उदासीन माती चालते. कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत पेरणीआधी मिसळलं की पुरतं. नत्राचा मारा केला तर रोप लुसलुशीत दिसतं, पण देठ मऊ पडतो आणि वाऱ्याने लोळतो. ऊन दिवसाला सहा तास मिळावं. कडक उन्हाळ्यात दुपारची सावली चालेल. उंच जातींना काठीचा आधार द्यावा, कारण देठ आतून पोकळ असतो.

रोपं दोन-तीन इंचांची झाली की विरळणी करायची. इथे हात अडखळतो, उगवलेलं रोप उपटायचं जिवावर येतं. पण ही उपटलेली रोपं म्हणजेच पहिली भाजी, आणि चवीला सगळ्यांत कोवळी. मोठी पानं हवी असतील तर दोन रोपांत १५ ते २० सेंटिमीटर अंतर ठेवावं, दाणे धरायचे असतील तर त्याहून जास्त. दुसराही मार्ग आहे, आणि लहान जागेत मला तोच पटतो: दाट पेरायचं, पाच-सहा आठवड्यांत वीतभर झालं की मुळासकट सगळं काढायचं आणि पुन्हा पेरायचं. दाटीमुळे ती रोपं लवकर फुलावर येतील, पण तोवर ती ताटात गेलेली असतात.

शेपूच्या घाईवरचा खरा उपाय हाच आहे. एकाच रोपाकडून महिनोन्‌महिने पानं काढण्याचा हट्ट सोडून दर दोन-तीन आठवड्यांनी चिमूटभर दाणे पेरत राहायचे. पहिली कुंडी फुलावर येते तेव्हा दुसरी काढणीला आलेली असते आणि तिसरीत कोंब फुटत असतात. रोप वाढवायचं असेल तर पानं बाहेरून आणि खालून तोडावीत, मधला शेंडा ठेवावा, आणि एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त काढू नयेत.

फुलू दिलंच तर

निदान दोन रोपं मी मुद्दाम फुलू देते. संस्कृतात शेपूला 'शतपुष्पा' म्हणतात. शंभर फुलांची ही गोष्ट अतिशयोक्ती वाटते, पण छत्री जवळून पाहिली की शंभर हा आकडा कमीच वाटतो. देठाच्या टोकाशी एका बिंदूतून वीस-तीस काड्या छत्रीसारख्या पसरतात, प्रत्येक काडीच्या टोकाशी पुन्हा तशीच छोटी छत्री, आणि तिच्या प्रत्येक टोकावर ज्वारीच्या दाण्याहून लहान पिवळं फूल. पाकळ्या आतल्या बाजूला वळलेल्या. फुलात आधी पुंकेसर पिकतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे फुलाचं परागण सहसा त्याच्या स्वतःच्या परागांनी होत नाही, कीटकांची गरज लागते.

फुलातला मध अगदी उघड्यावर असतो. लांब सोंडेची गरजच नाही. म्हणून ज्यांना खोल फुलांतला मध मिळत नाही असे बारीक कीटक इथे गर्दी करतात: सिरफिड माश्या, ढालकिडे, बारीकशा परजीवी गांधीलमाश्या. ह्या मंडळींचा बागेला दुहेरी फायदा आहे. सिरफिड माशीची अळी मावा खाते, ढालकिडाही खातो, आणि परजीवी गांधीलमाशी मावा किंवा अळीच्या अंगात अंडं घालते. शेपूवर मावा पडतोच, विशेषतः कोवळ्या शेंड्यांवर. थोडा असेल तर पाण्याच्या फवाऱ्याने झाडून टाकावा. औषध मारलं तर मावा मरेल आणि त्याला खाणारेही मरतील, आणि मावा त्यांच्याआधी परत येईल.

एक पाहुणा मात्र ओळखून ठेवा. कधीकधी शेपूवर हिरवी, काळ्या पट्ट्यांची, पट्ट्यांत केशरी किंवा पिवळे ठिपके असलेली गुबगुबीत अळी दिसते. तिला काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून केशरी रंगाचं दोन फाट्यांचं मऊ शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. ही स्वालोटेल फुलपाखराची अळी. शेपूच्या कुळातली झाडं हेच ह्या गटातल्या काही जातींचं अन्न. दोन-तीन अळ्या एक रोप फस्त करतात, हे खरं. मी ते रोप त्यांच्या नावावर लिहून टाकते.

पान आणि दाणा: दोन वेगळे वास

शेपूच्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्द 'ग्रॅव्हिओलेन्स' म्हणजे उग्र वासाचा. नाक मुरडणाऱ्यांना लॅटिनचाही पाठिंबा आहे म्हणायचं. पण हा उग्र वास एकच नाही. पानात प्रामुख्याने फेलँड्रिन आणि 'डिल ईथर' ही द्रव्यं असतात. ताजा, हिरवा, किंचित लिंबाकडे झुकणारा वास त्यांचा. दाण्यात कार्व्होन आणि लिमोनिन जास्त, त्यामुळे वास उबदार आणि मसाल्यासारखा. अत्तर-सुगंधाच्या व्यापारात शेपूच्या पाल्याचं तेल आणि दाण्याचं तेल वेगवेगळं विकलं जातं ते ह्यामुळेच. रोप फुलाकडे वळलं की त्याच्या पानांचीही चव बदलू लागते.

कार्व्होनची एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपले दोन हात सारखेच असतात, तरी डाव्या हाताचा मोजा उजव्यात बसत नाही. कार्व्होनचा रेणूही तसाच दोन रूपांत मिळतो, एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब. अणू तेच, जोडणीही तीच, फक्त डावं-उजवं उलट. त्यातलं एक रूप शेपूच्या दाण्यात आणि कॅरावे नावाच्या जिऱ्यासारख्या मसाल्यात आहे. दुसरं रूप आहे स्पिअरमिंट जातीच्या पुदिन्यात! नाकातले वास टिपणारे ग्राहक स्वतःच डावे-उजवे असतात, त्यामुळे एक रूप त्यांच्यात एका तऱ्हेने बसतं आणि दुसरं दुसऱ्या तऱ्हेने. शेपूचा दाणा आणि पुदिन्याचं पान शेजारी ठेवून आलटून पालटून हुंगून बघा.

बडीशेप आणि शेपूची गल्लतही इथेच सुटते. दोघांची पानं दोऱ्यासारखी बारीक, फुलं पिवळी, छत्र्याही तशाच. पण बडीशेपेचा गोडसर वास अ‍ॅनेथॉल ह्या वेगळ्या द्रव्याचा. पान चुरडलं की शंका उरत नाही. शिवाय बडीशेप वर्षानुवर्षं टिकू शकते, शेपू दाणे धरून मरतो. शेपूच्या दाण्यांना मराठीत बाळंतशोपा म्हणतात, त्या नावानेही गोंधळ वाढतो, पण झाड शेपूचंच.

चुलीवर काय होतं

शेपूचं सुगंधी द्रव्य पाण्यात फारसं विरघळत नाही, तेला-तुपात आणि दुधाच्या स्निग्धांशात चटकन विरघळतं. आणि ते उडून जाणारं आहे. उघड्या भांड्यात पाला उकळत ठेवला की वाफेबरोबर तेल वर येतं आणि सगळं घर घमघमतं. कारखान्यात शेपूचं तेल काढतात ते ह्याच पद्धतीने, फक्त तिथे वाफ पकडून थंड करतात. आपण ती खिडकीतून सोडून देतो. घरभर वास सुटला म्हणजे पदार्थ छान झाला असं वाटतं, पण नाकात गेला तेवढा ताटातून वजा झाला.

तेव्हा वास हवा असेल तर पाला अगदी शेवटी, भांडं उतरवताना घालावा. दह्यात, काकडीबरोबर, उकडलेल्या बटाट्यावर किंवा अंड्यावर तो कच्चाच चांगला. दही आणि लोणी ह्यांच्याशी त्याचं एवढं जमतं ते स्निग्धांशामुळे. उलट ज्यांना वास सोसत नाही त्यांनी आधी तेलात परतून, डाळीबरोबर झाकण न ठेवता शिजवावा. वास बराच मवाळ होतो. हा अर्थात शेपूवर अन्याय आहे, पण घरात शांतता राहते.

दाण्याचं तंत्र वेगळं. तो टणक असतो, तेल आत नळ्यांमध्ये बंद असतं, त्यामुळे उष्णता सोसतो. सुरुवातीलाच तेलात तडतडू द्यावा किंवा कोरडा भाजून कुटावा. कुटून ठेवलेली पूड मात्र महिन्याभरात फिकी पडते. अख्खे दाणे ठेवावेत आणि लागतील तेव्हाच कुटावेत. खारवलेल्या काकड्यांच्या बरणीत अर्धवट पिकलेली अख्खी छत्रीच घालतात. तिच्यात पान, फूल आणि कोवळा दाणा तिन्हींचे वास एकत्र मिळतात.

पाला साठवायचा असेल तर वाळवू नका. वाळताना तो उडणारा भागच आधी जातो आणि हाताशी हिरवा भुसा राहतो. इजिप्तमध्ये दुसऱ्या आमेनहोतेप राजाच्या, म्हणजे सुमारे ३४०० वर्षांपूर्वीच्या थडग्यात शेपूच्या डहाळ्या मिळाल्या होत्या. जपून ठेवणं आणि चव जपणं ह्यांत फरक असतो. धुऊन, पुसून, बारीक चिरून, बर्फाच्या साच्यात थोड्या तेलाबरोबर गोठवला तर काही महिने वास बऱ्यापैकी टिकतो. ताजी जुडी फ्रीजमध्ये ओलसर फडक्यात गुंडाळून चार-पाच दिवस राहते, त्यापुढे मान टाकते.

औषधाबद्दल थोडंच. शेपूच्या दाण्यांचं नाव पोटातल्या गुबाऱ्याशी फार जुन्या काळापासून जोडलेलं आहे. १८५१ साली इंग्लंडमध्ये विल्यम वुडवर्डने बनवलेल्या ग्राइप वॉटरमध्ये शेपूचं तेल होतं, आणि त्याबरोबर खाण्याचा सोडा आणि चक्क मद्यार्कही. आज त्यातलं मद्यार्क गेलं आहे. जेवणातला शेपू आणि औषध म्हणून घेतलेला शेपू वेगळा. तान्ह्या बाळाला किंवा गरोदरपणात काही द्यायचं तर आधी डॉक्टरांना विचारावं.

बी धरताना

दाणे हिरव्याचे तपकिरी होऊ लागले की रोज एक नजर टाकायची. सगळी छत्री एकदम पिकत नाही. मधली, आधी आलेली छत्री पहिली. दाणे बोटाला लागताच सुटू लागले तर उशीर झालाच म्हणायचं. सकाळी दव असताना छत्र्या देठासकट कापाव्यात, कारण ओलसर असताना दाणे कमी झडतात. मग कागदी पिशवीत उलट्या घालून हवेशीर जागी टांगायच्या. दहा-बारा दिवसांनी पिशवी हलवली की पावसासारखा आवाज येतो. काड्या-कचरा पाखडून काचेच्या बरणीत भरावं, त्यावर महिना आणि वर्ष लिहावं. नीट कोरडं ठेवलेलं बी तीनेक वर्षं चांगलं रुजतं.

एवढं करूनही निम्मे दाणे आधीच मातीत पडलेले असतात. मागच्या खेपेला मी ज्या कुंडीत काळजीपूर्वक पेरलं होतं तिथे जेमतेम सात रोपं आली. शेजारच्या गुलाबाच्या कुंडीत, जिथे कुणी काहीच पेरलं नव्हतं, तिथे मी मोजली तेव्हा एकतीस होती.